बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

कापसासारखं काहीही हाती लागलं की मोतीमामा ते ताणून बघायचा. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत पुंजका धरायचा, हळूहळू ओढायचा, तुटला की तुटलेल्या तंतूंकडे एक डोळा बारीक करून पाहायचा आणि निकाल द्यायचा. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्याची अर्धी हयात गेली. उरलेल्या अर्ध्या हयातीतही तो ग्रेडरच राहिला. माझ्या थोरल्या बहिणीसाठी रोहिणखेडला स्थळ बघायला गेलो होतो, तेव्हा त्याने पाहुण्यांच्या गादीची उसवलेली शिवण शोधली, आतून बोटभर कापूस काढला, ताणला आणि चहाचे कप हातात घेऊन बसलेल्या मंडळींसमोर सांगितलं, "खोळ नवीन हाय. आतला माल जुना." ते स्थळ मोडलं. बरं झालं, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. बहीण अजून म्हणत नाही.

मोतीराम हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आईचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. उंद्रीहून अमडापूरकडे जाताना हे गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण सांगूनही एसटीचे कंडक्टर पुढच्या फाट्यावर उतरवतात. अशा गावातला, अशा बोटांचा हा माणूस आमदार कसा झाला, हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. मतदारसंघातले दोन मोठे पुढारी एकमेकांना तिकीट मिळू द्यायला तयार नव्हते. दोघांनाही मामा निरुपद्रवी वाटला. मामा सगळ्या तालुक्याच्या कापसाला नावानिशी ओळखायचा, आणि आमच्याकडे माणसापेक्षा त्याच्या कापसाची विचारपूस केली तर माणूस जास्त खूश होतो. मामा निवडून आला. निकालाच्या दिवशी गुलालाने लाल होऊन तो आमच्या ओट्यावर बसला आणि आईला म्हणाला, "बाई, आता काय करू व?"

मी चिखलीला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. मामा आमदार झाल्यावर लोकांना वाटलं, आता सुधाकरचं काही खरं नाही, हा पेट्रोल पंप टाकणार. मी दुसरं झेरॉक्स मशीन घेतलं. माझी राजकीय कारकीर्द एवढीच. बाकी मामाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्याची भाषणं ऐकणं, आणि 'हाय'चं 'आहे' करून देणं, हे काम माझ्याकडे आपोआप आलं.

प्रत्येक अधिवेशनाआधी आमच्या अंगणात तालीम व्हायची. आई बाजेवर अध्यक्ष म्हणून बसायची, पुढ्यात तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन. मामा हात बांधून समोर उभा राहायचा. "अध्यक्ष महोदया, आमच्या भागातला कापूस गाडीत बसून बाहेर जाते. अन् तिकडून परत येते तवा चादर होऊन येते. मंग आमी आमचाच कापूस दुकानातून इकत आणतो."

"विषयावर बोल," आई शेंगेतून मान वर न करता म्हणायची.

"विषयच हाय हा, बाई."

"मंग लवकर बोल. स्वयंपाक पडला आहे."

विधानसभेतही तो असाच बोलायचा. मागच्या बाकावरून उठायचा, दोन वाक्यं माझ्या शुद्ध मराठीत, पुढची सगळी त्याच्या स्वतःच्या भाषेत. पण ऐकायचे लोक. आमच्या भागात वर्षानुवर्षं बंद पडलेलं एक जिन होतं. कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचा तो कारखाना. गंजलेल्या पत्र्यावर कावळे बसायचे. मामाने त्याच्यासाठी प्रश्न विचारले, लक्षवेधी लावली, विजेच्या जोडणीसाठी दोन खात्यांच्या मधल्या खिंडीत अडकलेली फाइल ओढून काढली. उद्योग खात्याच्या मागण्यांवर चर्चा निघाली की अध्यक्षांच्या जागी बसलेले तालिकेवरचे अध्यक्ष म्हणायचे, "बोला, जिनवाले." शेवटी एक शेठ तयार झाला, जिन सुरू झालं, आणि आमच्या व शेजारच्या गावांतल्या बाया डब्यात भाकरी बांधून रोज कामावर जायला लागल्या. त्यात पंचफुलाबाई होती.

पंचफुलाबाई मामाच्या वर्गातली. चौथीपर्यंत दोघं एका रांगेत बसली. पाचवीची शाळा उंद्रीला होती. मामा शाळेत गेला, ती शेतात निंदायला गेली. तिचं घर बुद्धविहाराच्या मागे. जिभेला धार अशी, की मामा आमदार झाल्यावरही तिच्या गल्लीतून जाताना गाडीची काच वर करायचा. जिन सुरू झालं त्या दिवशी मात्र तिने गेटवर मामाला थांबवलं. "मोतीभाऊ, उन्हात वाकून वाकून मेलो होतो. सावलीतलं काम देल्लं तू." मामा घरी येऊन हे वाक्य आईला सांगताना दोनदा थांबला.

मग ते भाषण झालं.

उद्योग खात्याच्याच चर्चेत एका सदस्याने टोला मारला की तुमच्याकडे कारखाने देऊन उपयोग नाही, तिकडे माणसंच काम करत नाहीत. मामा उठला. अंगणात न घोटलेलं, आईने न ऐकलेलं हे त्याचं एकमेव भाषण. "अध्यक्ष महोदय, वीज टिकत नाही हे एक कारण. दुसरं कारण आमचा बाजार. बाजाराच्या दिवशी जिनले सुट्टी. दुसऱ्या दिवशी आमच्या बाया सकाळी टणटण कामावर येतात, अन् दुपारून छाती धरून, खोकलत खोकलत घरी जातात. पुढच्या दिवसापासून बाजार येईपर्यंत पुन्हा ठणठणीत. आता हा कोणता रोग आहे? मले वाटते बाजारातल्या भेळीचा आहे. आरोग्यमंत्र्यांनी भेळीवर एखादी लस काढावी, म्हणजे उद्योगमंत्र्यांचं काम आपोआप होईल."

सभागृह हसलं. दोन्ही मंत्री हसले. टोला मारणारा सदस्य सगळ्यांत जास्त हसला. त्या संध्याकाळपर्यंत या भाषणाच्या व्हिडिओचा तुकडा जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचला होता. आम्ही घरात तो इतक्यांदा लावला की माझ्या मुलाला पाठ झाला. लग्नात जेवणाच्या पंगतीत लोक मामाला अडवायचे, "भाऊ, ते भेळवालं सांगा ना." मामा सांगायचा. हावभावासकट, छाती धरून.

जिनच्या शेठनेही तो तुकडा पाहिला होता. काही दिवसांनी गेटवर नियम लागला: बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जी बाई दुपारी घरी जाईल, तिला त्या आठवड्यात काम नाही. बाया कोणाकडे तक्रार करणार? आमदारच म्हणाला होता की हे सोंग आहे.

हे मामाला कळलं ते फार उशिरा, आणि तेही उलट्या बाजूने. प्राथमिक आरोग्य केंद्राला नवीन रुग्णवाहिका आली होती, तिचा नारळ फोडायला आम्ही गेलो होतो. तिथे निखत मॅडम म्हणून तरुण डॉक्टर नव्याने आल्या होत्या. नारळ फुटला, पेढे झाले, त्यांनी मामाचा रक्तदाब तपासायला घेतला आणि पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "साहेब, तुमचं ते जिनवालं भाषण मी दोनदा ऐकलं. लक्षणं तुम्ही अगदी बरोबर सांगितली आहेत."

मामाला स्तुती समजायला वेळ लागत नसे. तो खुलला. "असं का? कशाची लक्षणं?"

"रुईच्या धुळीने होणाऱ्या आजाराची." त्या शांतपणे सांगत होत्या, कोणाला टोचायचं म्हणून नाही. "रोज धूळ छातीत जात राहिली की शरीर काही प्रमाणात सवय करून घेतं. एक दिवस सुट्टी मिळाली की ती सवय मोडते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी धूळ पुन्हा गेली की छाती आवळते, खोकला लागतो. दुपारपर्यंत वाढतं. दुसऱ्या दिवसापासून कमी. म्हणून लोकांना ते सोंग वाटतं. पण असंच वर्षानुवर्षं चाललं तर पुढे रोजच त्रास होतो, आणि मग तो जात नाही. गेटवरच्या त्या नियमामुळे आता बाया त्रास होत असतानाही संध्याकाळपर्यंत आत बसतात."

"कोणता नियम?" मामाने विचारलं.

मॅडमनी सांगितलं. मामाचा रक्तदाब त्यांनी तेव्हा मोजला नाही, नंतर मोजू म्हणाल्या.

परतताना मामाने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली. त्याने काच खाली केली. मग म्हणाला, "सुध्या, म्हणजे रोग मीच सांगितला. साऱ्या महाराष्ट्रासमोर. अन् मीच हसलो."

"तुम्हाला काय माहीत होतं मामा," मी म्हणालो. माझ्यासारख्या माणसाकडे अशा वेळी एवढंच असतं.

"माहीत नोतं तं चूप बसता येत होतं."

तिथून तो घरी गेला नाही. बुद्धविहाराच्या मागे गेला. पंचफुलाबाई दारात तांदूळ निवडत होती. आमची गाडी पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही. "या आमदारसाहेब. भेळ आणू का?"

मामा उंबऱ्याजवळ उभाच राहिला. "पंचफुला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुले काय होते ते सांग."

"कायले? पुन्हा सांगाले जाशीन का तथी?"

"सांग व."

तिने सूप हलवणं थांबवलं. "इथी," असं म्हणून तिने छातीवर मूठ ठेवली. "कोणी दोर आवळल्यावाणी होते. श्वास आत जाते, पण पुरा जात नाही. आमाले वाटे बाजारातलं काही बाधते. तुह्या भाषणाच्या आंधीपासून वाटे. म्हणून आमी साऱ्याजणींनी बाजारात खाणं सोडलं. भजे सोडले. भेळ सोडली. नातवाले जिलबी घेतली तं मी हात नाही लावला. तरी व्हायचंच. मंग तू बोलला. मंग आमाले वाटलं, एवढा मोठा माणूस विधानसभेत बोलते, म्हणजे आमचंच काही चुकते. पण खाणं तं सोडलं, आता काय सोडाव?"

मामा खाली बसला. पायरीवर, चपलांच्या शेजारी. त्याने तिला मॅडमचं सगळं सांगितलं. चूक झाली म्हणाला. आजपर्यंत मी त्याला बहिणीच्या त्या स्थळाबद्दलही चूक झाली म्हणताना ऐकलं नव्हतं.

पंचफुलाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्या पायरीवर बसून काय फायदा गा? हसला तू तथी. आता तथीच जाऊन सांग. अन् एक ध्यानात ठेव. जिन बंद पाडशीन तं आमी साऱ्याजणी तुह्या ओट्यावर येऊन बसू. आमाले काम पाह्यजे. धूळ नको."

हे सोपं नव्हतं. शेठच्या गाड्या मामाच्या निवडणुकीत फिरल्या होत्या आणि पुढची निवडणूक जवळ आली होती. मामा त्याच्याकडे गेला, गेटवरचा नियम काढ म्हणाला. शेठने चहा मागवला आणि गोड आवाजात म्हटलं, "भाऊ, मी काय वेगळं केलं? तुमी विधानसभेत बोलले, ते मी गेटवर लावलं. आता जिन तुमीच आणलं, अन् तुमीच त्याच्यावर बोलसान का?" पक्षातल्या वरच्या माणसाने सांगितलं, आरोग्यावर जरूर बोला, दवाखान्यांच्या रिकाम्या पदांवर बोला, स्वतःचं जुनं भाषण कशाला उकरता, लोकांना ते आवडलं आहे. मामाने विधिमंडळात विचारून पाहिलं की माझे ते शब्द कामकाजातून काढता येतील का. तिथल्या अधिकाऱ्याने समजावलं की असंसदीय शब्द अध्यक्ष काढतात, तेही त्याच वेळी. तुमच्या भाषणात असंसदीय काहीच नाही. मामा मला फोनवर म्हणाला, "सुध्या, हसणं असंसदीय नसते म्हणे."

अंगणात या वेळची तालीम झाली, पण आईने मध्ये एकदाही टोकलं नाही. तेव्हा मला भीती वाटायला लागली.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन लागलं. मामाने गॅलरीचे पास काढले. पंचफुलाबाई आणि जिनमधल्या आणखी दोघी. त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे. दारावर तपासणीत पंचफुलाबाईची तंबाखूची डबी काढून घेतली. ती शिपायाला म्हणाली, "परत देशीन ना बाबू? पाहून ठेव, अर्धी भरेल हाय." गॅलरीत आम्ही बसलो. खाली निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाकीचे कुठी गेले?"

"चहाला गेले असतील."

"हे बी दुपारून जातेत का," ती म्हणाली. शेजारच्या दोघी पदरात हसल्या. सुरक्षारक्षकाने आमच्याकडे रोखून पाहिलं. मी अशा जागी नेहमी करतो ते केलं, म्हणजे आपण यांच्याबरोबर नाही असा चेहरा केला.

मामाचं नाव पुकारलं. तो उठला. समोरच्या बाकावरून कोणीतरी हलकेच म्हणालं, "भाऊ, भेळ आणली का?" हशा पिकला. छोटासाच, पण मायक्रोफोनवर ऐकू येईल इतका. मामाने तो ओसरू दिला.

"अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "मी इथं उद्योगावर बोललो होतो, तेव्हा सभागृह हसलं. आज आरोग्यावर बोलतो. विषय तोच आहे."

आणि मग त्याने सांगितलं. निखत मॅडमनी सांगितलं तसं, क्रमाने, एकही कोटी न करता. "आमच्या बाया भेळीनं खोकलत नाहीत. रुईच्या धुळीनं खोकलतात. मी जन्मभर कापूस तपासला, त्याच्या धुळीकडे पाह्यलं नाही. आमच्याकडे आरोग्य शिबिर बाजाराच्या दिवशी लागते, कारण त्या दिवशी बायांले सुट्टी. त्या दिवशी छाती साफ निघते. सरकारच्या कागदावर साऱ्या बाया निरोगी. माझी मागणी आहे, तपासणी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी करा. जिनच्या दारात करा. सकाळी कामावर जाताना एकदा, अन् दुपारून एकदा. फरक तुमाले दिसन. दुसरी मागणी, जिन बंद करू नका. धूळ ओढणारी यंत्रं बसवा. लहान जिनले ते झेपत नसन तं उद्योग खात्यानं हात द्यावा. आरोग्यमंत्री अन् उद्योगमंत्री एकाच बाकावर बसतात. मायबाप, एकमेकांशी बोला."

घंटी वाजली. "सन्माननीय सदस्यांनी समाप्त करावं."

"समाप्तच करतो, अध्यक्ष महोदय. माझं जुनं बोलणं काढता येत नाही असं मला सांगितलं. काढू नका. राहू द्या. त्याच्या पुढं एवढंच लिहा, की तो सदस्य चुकला होता. अन् ज्या बायांवर तो हसला, त्या आज वर गॅलरीत बसल्या आहेत. त्यांची मी या सभागृहात माफी मागतो."

दोन-चार माना वर वळल्या. पंचफुलाबाईने पदर सारखा केला. तेवढ्यात तालिकेवरचे अध्यक्ष म्हणाले, "सदस्यांनी गॅलरीतील व्यक्तींचा उल्लेख करू नये, असा नियम आहे. तेवढा उल्लेख कामकाजातून काढून टाकावा." आवाजात राग नव्हता. नियम वाचून दाखवावा तसं म्हणाले आणि पुढच्या सदस्याचं नाव घेतलं.

बाहेर आल्यावर मामा आमच्यापाशी आला. कपाळ पुसत पंचफुलाबाईला म्हणाला, "हसलो ते राह्यलं. तुमी तेवढ्या निघून गेल्या."

"कुठी गेलो? इथी तं उभ्या हावो," ती म्हणाली आणि डबी मागायला शिपायाकडे गेली.

या भाषणाचा तुकडा कोणाच्याच मोबाइलवर आला नाही. मंत्र्यांनी तपासून कार्यवाही करू असं उत्तर दिलं आणि आश्चर्य म्हणजे थोडीफार केली. शिबिराचा दिवस बदलला. निखत मॅडम श्वासाचा जोर मोजणारं फुंकायचं यंत्र घेऊन बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जिनच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या. नोटीस आली, शेठने एका बाजूला धूळ ओढणारे पंखे बसवले, दुसऱ्या बाजूला बसवतो बसवतो म्हणत राहिला. गेटवरचा नियम उतरला. पंचफुलाबाईची छाती मात्र तोवर रोजच आवळायला लागली होती. तिने काम सोडलं.

मामाला पुन्हा तिकीट मिळालं नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो आपली जुनी जीप घेऊन जिनच्या गेटसमोर जाऊन थांबायचा. दुपारी जी बाई छाती धरून बाहेर येईल तिला बसवायचं, आरोग्य केंद्रात न्यायचं, मग घरी सोडायचं. गावात म्हणायला लागले, माजी आमदाराने काळी-पिवळी सुरू केली. मामी चिडायची. "लोक हासून राह्यले तुमाले," ती म्हणायची. "हासू दे," मामा म्हणायचा, "माह्याकडून थोडं फिटन."

पण फिटत नव्हतं. लग्नात अजूनही कोणीतरी म्हणायचंच, "भाऊ, ते भेळवालं होऊन जाऊ द्या." आणि मामा, एके काळी ज्याच्या पंगतीत बसायला लोक भांडायचे तो मामा, हातातला घास खाली ठेवून सांगायला लागायचा की ते चुकीचं होतं, आणि मग रुईची धूळ फुप्फुसात जाऊन काय करते ते. बुंदी आणि वांग्याची भाजी समोर असताना. विचारणारा माणूस हूं हूं करत वाढप्याला हाक मारायचा. आम्ही घरचे लोक पंगतीत जागा धरताना आधी मामा कुठे बसलाय ते पाहायचो आणि दुसऱ्या टोकाला बसायचो. मुद्दाम ठरवून नव्हे. पाय आपोआप तिकडे वळायचे. एका लग्नात त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी रिकाम्या होत्या, आणि तो भाताचा डोंगर करून एकटाच जेवत होता. मी समोरच्या रांगेतून पाहिलं आणि मठ्ठा मागितला.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. हृदयाचं होतं, फार दिवस पडून नव्हता. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. 'हजरजबाबी नेता हरपला', 'सभागृह हसवणारा माणूस', आणि प्रत्येकाखाली तोच तुकडा. छाती धरून खोकलणारा मामा, हसणारे मंत्री. आमच्या घरच्या ग्रुपवरही कोणीतरी टाकला. खाली रडणारे चेहरे, हात जोडलेले. माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, यावर काय टाकू?" मी म्हणालो, काही टाकू नको. पण काढून टाक असंही कोणाला म्हणालो नाही.

तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई बसायला आली. दोन गल्ल्या चालून यायला तिला मध्ये थांबत थांबत यावं लागलं. मामीजवळ बसली, श्वास जमेपर्यंत बोलली नाही. मग मला म्हणाली, "सुधाकर, नागपूरचं ते दाखव. आमी होतो ते."

मी शोधलं. दिवसभराचं कामकाज एका लांबलचक फितीत होतं, सरकवत सरकवत मामापर्यंत आलो. पाहणाऱ्यांचा आकडा पाहिला आणि मोबाइल जरा तिरका धरला, मामीला दिसू नये म्हणून. पंचफुलाबाईने डोळे बारीक करून सगळं पाहिलं. शेवटी मामा म्हणतो, तो सदस्य चुकला होता; आणि तिथून चित्र एकदम पुढच्या सदस्यावर उडी मारतं. मधलं गेलेलं.

"इथीच होतं ना आमचं?" तिने विचारलं.

"हो. ते काढलं."

तिने बोटाने मोबाइल बाजूला सारला. मग मामीकडे वळली. "वयनी, आमी तं त्याले तवाच मोकळं केलं होतं. परतताना गाडीत सांगितलं बी. म्हटलं, झालं मोतीभाऊ, आता पुरे. तो हाव म्हणे. अन् बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर हजर." ती थांबली, श्वास घेतला, पुरा आला नाही, पुन्हा घेतला. "हसणारे लय होते, वयनी. माफ करणाऱ्या आमी तिघीच. त्याले पुरलो नाही."